पॅक केल्यानंतरचा खेळ

पोकरमध्ये बहुतेक वेळ खेळायचंच नसतं. दोन पानं वाट्याला येतात, ती बघायची आणि दहापैकी सात-आठ वेळा पालथी घालून सोडून द्यायची. सहा जणांच्या टेबलावर शिस्तीने खेळणारा माणूस तीन तासांत पंधरा-वीस डावांत उतरतो. उरलेला सगळा वेळ त्याच्या हातात पानंच नसतात. हौशी खेळाडू घडतो किंवा बिघडतो तो याच वेळात, असं माझं ठाम मत आहे. खामगावातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीत माणसं बघून बघून ते झालं आहे.

बैठक एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर असते. खाली पाइप, खिळे, रंगाचे डबे. वर एक जुनं लाकडी टेबल, त्यावर ताणून बसवलेलं हिरवं कापड, सहा खुर्च्या आणि खिडकीत कूलर. घाटाखालचा उन्हाळा असा, की एप्रिल-मे महिन्यांत सातच्या आत पत्ते हातात धरवत नाहीत, घामाने चिकटतात. काका पोस्टातून निवृत्त झालेले. मॅडम शाळेत गणित शिकवतात. भाऊंचं कृषी सेवा केंद्र आहे. एक औषध कंपनीचा एमआर, एक जिनिंगमधला अकाउंटंट आणि मी. मॅडम सोडल्या तर आम्ही सगळे तीन पत्तीतून आलेलो, त्यामुळे पानं टाकण्याला या टेबलावर अजूनही 'पॅक' म्हणतात आणि एकाच रंगाच्या पाच पानांना 'कलर'.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मधे पाच पानं सगळ्यांची म्हणून उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्याला बोली लागते. आपली दोन आणि मधली पाच, यांतून सर्वांत चांगली पाच पानं ज्याची, तो जिंकला, किंवा बाकी सगळ्यांनी पॅक केलं तर उरलेला जिंकला. तीन पत्तीत एकदा पानं बघितली की नवीन काही कळत नाही, फक्त चाल वाढत जाते. इथे प्रत्येक टप्प्याला थोडं थोडं उलगडत जातं, आणि ते टिपायला डोकं जागेवर लागतं.

या टेबलावर पैसा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या जिल्ह्यात पत्ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र येतं. पोळ्याच्या सुमारास वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर झन्ना-मन्ना किंवा एक्का-बादशाह खेळणाऱ्यांवर धाड पडल्याच्या बातम्या येतातच. त्यात पकडलेल्यांच्या यादीखाली रोख रक्कम, मोबाइल, मोटारसायकली आणि बावन्न पत्ते असा मुद्देमाल दिलेला असतो. ज्या कायद्याखाली गुन्हा नोंदवतात तो १८८७ सालचा. त्यातलं १३ वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. पोकरच्या बाबतीत मात्र देशात एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तो नाव घेऊन जुगारातून वगळलेला आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगारच ठरवलं. गोव्यात १९७६ च्या कायद्याने कॅसिनोंना वाट आहे, मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर पोकरची टेबलं चालतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मोबाइलवरचा पैशांचा खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने बंद केला.

कायदा बाजूला ठेवला तरी आमचा निर्णय हाच राहिला असता. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या ६ जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत आमचा बुलढाणाही होता. कर्ज म्हणजे काय ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोबाइलवर रमी खेळून कापसाचे पैसे घालवलेली माणसं भाऊंच्या दुकानात उधारीवर बियाणं मागायला आलेली आहेत. अशा ठिकाणी हौसेसाठी पैसा लावणं मला तरी पटत नाही.

पण पैसा काढला की एक अडचण उभी राहते. टोकन फुकटचे असले की माणूस काहीही खेळतो. शेवटचं पान बघायला काय जातं, म्हणून सगळे शेवटपर्यंत जातात आणि खेळाची रयाच जाते. यावर तोडगा मॅडमनी काढला. प्रत्येकाला महिन्याचे ठरावीक टोकन मिळतात. संपले की संपले, महिनाअखेरपर्यंत त्याने खेळायचं नाही, इतरांना पत्ते वाटायचे. दिवाळी ते दिवाळी अशी खतावणी चालते. आठवड्यातून एकदा मिळणारी संध्याकाळ नुसते पत्ते पिसण्यात घालवायची कोणालाच इच्छा नसते, त्यामुळे टोकनला किंमत आली.

काकांकडे बघत राहावं. पानं वाटली की बाकीचे पाचही जण ती लगेच कोपऱ्यातून उचलून बघतात. काका बघत नाहीत. दोन पानं टेबलावर, त्यांवर डाव्या हाताची दोन बोटं, आणि नजर डावीकडून उजवीकडे फिरते. कोण पानं बघून टोकनकडे बघतो, कोण पानं बघून खुर्चीत मागे टेकतो, कोणाने आपली पाळी यायच्या आधीच पानं टाकायच्या बेतात धरली आहेत. मग किती टोकन मधे पडले ते बघतात, आपल्यानंतर बोलणारे किती राहिले ते बघतात, आणि पाळी आली की मगच स्वतःची पानं. दर वेळी हाच क्रम. हातात एक्क्याची जोडी असो की दुर्री-सत्ती, त्यांना लागणारा वेळ जवळपास सारखा. त्यामुळे त्यांच्या वेळेवरून कोणाला काही ताडता येत नाही, हा एक फायदा. दुसरा मोठा, की पानं बघायच्या आधी बाकीच्यांकडे बघून झालेलं असतं. आपली पानं एकदा दिसली की मन त्यांच्याशीच बोलायला लागतं.

हा क्रम काकांनी कुठून उचलला, तर बुलढाण्यात नातू तिरंदाजी शिकायला जातो, त्याच्याबरोबर मैदानावर बसून. जिल्ह्यात तिरंदाजीला मान आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातला पहिल्या क्रमांकाचा नेदरलँड्सचा माइक श्लोसर याला १४९-१४८ असं हरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत सांघिक सुवर्ण मिळवलं. कंपाउंड धनुष्याच्या सामन्यात १५ बाण, ५० मीटर अंतर, मधलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, आणि एकेका बाणाला २० सेकंद. १४९ म्हणजे १५ पैकी १४ बाण दहात आणि एक नवात. तो नवाचा बाण सुटून गेल्यावर पुढचा पुन्हा पहिल्यापासून तशाच क्रमाने लावावा लागतो: पाय, बाण, खेचणं, हात गालाशी टेकणं, नेम, सोडणं. मैदानावरची पोरं हे शेकडो वेळा करतात. एखाद्याचा बाण भरकटला की शिकवणारे त्याला नेमाबद्दल काही बोलत नाहीत, पायांपासून पुन्हा सुरू करायला लावतात. काकांनी तेच टेबलावर आणलं. एकाग्रता हवी म्हणून कपाळाला आठ्या घालून ती येत नसते. ठरलेला क्रम धरला की मनाला भटकायला जागा उरत नाही.

पाळी असलेल्या डावापुरतं हे झालं. खरी कसोटी पॅक केल्यावर लागते.

सुरुवातीला पॅक केलेल्या माणसाचा हात आपोआप मोबाइलकडे जायचा. व्हॉट्सॲप, क्रिकेटचा स्कोअर, घरून आलेला फोन. दोन मिनिटांनी नवीन पानं यायची तेव्हा मागच्या डावात कोण काय खेळलं याचा पत्ता नसायचा. म्हणून दाराजवळच्या फळीवर एक स्टीलचा डबा ठेवला आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात. घरच्यांना दुकानाच्या लँडलाइनचा नंबर देऊन ठेवला. पण मोबाइल गेल्याने लक्ष राहतंच असं नाही. आता लोक छताकडे बघायला लागले, गप्पा मारायला लागले, चहाचं विचारायला लागले. रिकाम्या मनाला काम द्यावं लागतं.

ते काम म्हणजे वही. प्रत्येकासमोर एक साधी शंभर पानी वही असते. आपण पॅक केलं, की जे दोघे-तिघे खेळतात त्यांच्यातल्या एकावर नजर ठेवायची आणि पानं उघडायच्या आधी त्याच्याकडे काय आहे ते लिहायचं. जोडी आहे, कलरची वाट बघतोय, की नुसतीच हवा करतोय. सोबत खात्री किती, तेही: पूर्ण, बरी, थोडी. मग पानं उघडली की शेजारी खरं काय ते. पानं न दाखवताच कोणी जिंकला तर ती ओळ कोरी. इतकं साधं आहे, पण हे सुरू झाल्यावर माडीवरचा आवाजच बदलला. पॅक केलेली माणसं पुढे वाकून बघायला लागली. कोणी मधलं तिसरं पान पडल्यावर आधी स्वतःच्या टोकनकडे बघितलं, कोणी बोली न लावता पटकन 'चेक' म्हणत पाळी पुढे ढकलली, हे दिसायला लागलं. पूर्वीही ते समोरच घडत होतं.

महिनाअखेरीला मॅडम वह्या घरी नेतात आणि हिशेब काढतात. पहिल्या काही महिन्यांत 'पूर्ण खात्री' म्हणून लिहिलेले अंदाज जेमतेम निम्मे खरे निघत, आणि लिहिणाऱ्याला विचारलं तर तो शपथेवर सांगे की माझे बहुतेक बरोबर आले. तो खोटं बोलत नसतो. बरोबर आलेला अंदाज लक्षात राहतो, चुकलेला वाहून जातो.

आमच्या जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण दर वर्षी घडतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, जवस, सरकी अशी अठरा धान्यं ठेवायची, मधे खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, कुरडई, करंजी, वडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य विखुरलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, यावरून वाघ घराण्यातले महाराज वर्षाचं पाऊसपाणी आणि पिकांचं भाकीत सांगतात. परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचं सांगतात आणि आजही विदर्भ-खानदेशातून शेतकरी ते ऐकायला येतात. भाऊ कितीतरी वर्षं जात आले आहेत. मलाही ती पहाट आवडते. हजारो माणसं उभ्या वर्षाची काळजी घेऊन एका शेतात शांतपणे उभी असतात, याला मी हसू शकत नाही. पण मॅडमनी भाऊंना एवढंच सांगितलं, की यंदा भाकीत कागदावर उतरवून आणा आणि दिवाळीला आपण ते काढून बघू. भाऊंनी आणलं. 'पाऊस सर्वसाधारण, कुठे कमी कुठे जास्त' अशा ओळीशेजारी खरं काय लिहायचं, यावर अर्धी संध्याकाळ गेली. त्या दिवसापासून वहीत एक नियम आला: जे चूक ठरू शकत नाही असा अंदाज लिहायचा नाही. 'काहीतरी चांगलं आहे त्याच्याकडे' हे चालत नाही. 'बादशाहची जोडी' हे चालतं.

आता एक डाव नीट सांगतो, कारण शिस्त म्हणजे काय ते त्यात दिसतं.

भाऊंच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची नव्वी. पहिल्या फेरीत त्यांनी ६० टोकन लावले. काकांनी बरोबरी केली, बाकीचे पॅक. पॅक करणाऱ्यांपैकी एकाचे, पाळीने लावावे लागणारे सक्तीचे १० मधे पडलेले होतेच, एकूण १३०. मधली तीन पानं उघडली: इस्पिकचा बादशाह, बदामची अठ्ठी, इस्पिकची चौकी. भाऊंची चार इस्पिकं झाली, आणखी एक आलं की कलर, तोही एक्क्याचा. काकांनी चेक केलं, भाऊंनी ७० लावले, काकांनी ७० दिले. मधे २७०. चौथं पान आलं चौकटची दुर्री, कोणाच्याच कामाचं नाही. आणि काकांनी उरलेले सगळे २५० टोकन पुढे सरकवले.

टेबलावर ५२० झाले. भाऊंना २५० देऊन शेवटचं पान बघायचं की पॅक करायचं, हा प्रश्न.

तीन पत्तीतला माणूस इथे थांबत नाही. चार इस्पिकं हातात आणि एक्का! मुनीमजींनी, म्हणजे आमच्या अकाउंटंटने, हळूच म्हटलंही, "आता काय पाह्यतं बे, टाक ना!" पॅक केलेल्याने बोलायचं नाही हा नियम आहे, तेव्हा मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भाऊंनी पेन्सिल उचलली. न दिसलेली पानं ४६. त्यांत इस्पिकं ९. म्हणजे पाचात एकदा, त्याहूनही किंचित कमी. एक्का लागूनही आपण जिंकू असं धरलं तर आणखी ३ पानं, ४६ पैकी १२, शंभरात २६. आणि मागितलेली किंमत? २५० टाकले तर मधे होणार ७७०, म्हणजे बरोबरीत सुटायला शंभरात किमान ३३ वेळा जिंकायला हवं. नुसत्या कलरचा हिशेब धरला तर असे शंभर डाव खेळल्यावर वीसेक वेळा ५२० मिळणार आणि ऐंशी वेळा २५० जाणार. दर डावामागे ९६ टोकनचा तोटा. हा तोटा कधीच समोर येऊन उभा राहत नाही. थेंब थेंब गळतो आणि महिनाअखेरीला माणूस पत्ते वाटायला बसतो.

भाऊंनी वहीत लिहिलं, 'पॅक, बरोबर', वेळ घातली आणि पानं टाकली.

मग एमआरने गड्डीवरचं पुढचं पान उलटून दाखवलं. इस्पिकची छक्की. काकांनीही आपली पानं उघडली, अठ्ठीची जोडी, मधली एक धरून तीन अठ्ठ्या. कलर लागला असता, भाऊ जिंकले असते. माडीवर एकच गलका. "काऊन पॅक केलं बे?" "पह्यलेच सांगतलं होतं!" भाऊ लाल झाले होते, नाही असं नाही. पण वहीत पान उघडायच्या आधीचं लिहिलेलं होतं, ते त्यांनी मुनीमजींपुढे सरकवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी दुकानात दर जूनले लोकाइले सांगतो, पऊनशे-शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. एखांद्यानं पह्यल्याच पावसाले पेरलं अन् त्याले साधलं, मंग सारं गाव मले येड्यात काढते. पन मी पुढच्या सालीबी तेच सांगतो." कृषी विभागाचा सल्ला खरोखरच ७५ ते १०० मिलिमीटरचा असतो. मृगाचा एक सडाका आला की सोयाबीन टाकायला हात शिवशिवतात, आणि मग पंधरा दिवसांची ओढ बसली की दुबार पेरणी. लवकर पेरून साधलेला शेजारी बांधावरून दिसत असताना थांबणं सोपं नसतं. भाऊंना ते दुकानात बसून पाठ झालेलं होतं. टेबलावर उतरायला वही लागली.

निर्णय आणि निकाल वेगळे ठेवणं जगभरातल्या चांगल्या खेळाडूंनी असंच घोटवलेलं आहे. मारिया कोनिकोवा ही अमेरिकेतली मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतलेली लेखिका पोकरचा गंधही नसताना एरिक सायडेलकडे शिकायला गेली. गड्डीत पानं किती असतात तेही तिला ठाऊक नव्हतं. सायडेल पोकरच्या हॉल ऑफ फेममधला माणूस. आपली चांगली पानं कशी दुर्दैवाने हरली, ही रडकथा तो ऐकूनच घेत नसे. निर्णय काय घेतलास आणि का, एवढंच विचारायचा. जानेवारी २०१८ मध्ये तिने बहामामधली एक मोठी स्पर्धा जिंकली आणि २०२० मध्ये या शिकण्यावर पुस्तक लिहिलं. सायडेलचा हा नियम आम्ही तसाच उचलला. माडीवर रडकथेला बंदी आहे.

बंदी घातली म्हणून राग जात नाही, हेही खरं. एमआर आमच्यातला सर्वांत हुशार खेळाडू, आकडे तोंडावर, पण त्याला राग चढतो आणि तो चढताना दिसतो. एक्क्याची जोडी बादशाहच्या जोडीसमोर शंभरात साधारण ८२ वेळा जिंकते. म्हणजे पाच-साडेपाच वेळांतून एकदा हरणारच, हे तो झोपेतही सांगेल. तरी हरला की त्याचा उजवा हात टोकनच्या थप्पीशी खेळायला लागतो, वरचं टोकन उचलायचं, खाली टाकायचं. मग पाय हलायला लागतो. मग पाळी यायच्या आधी टोकन पुढे. पुढच्या चार-पाच डावांत तो एरवी बघितल्याबरोबर टाकेल अशा पानांवर खेळतो, गुलाम-तिर्री, राणी-पंजी. गेलेलं लगेच परत आणायचं असतं. हे त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळतं.

उपदेशाने इथे काही साधलं नाही. साधलं ते काकांच्या एका सूचनेने. टोकनचा आवाज सुरू झाला की शेजारच्याने टेबलावर एकदा बोट वाजवायचं. एमआरने काही न बोलता तीन डाव सोडायचे, जिना उतरून रस्त्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दंड नाही, चेष्टा नाही. खाली त्या वेळी शेगावकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, पानटपरीवर गाणी असतात. तो परत येतो तेव्हा खांदे उतरलेले असतात. सुरुवातीला त्याला हे लहान मुलासारखं वागवणं वाटे. आता कधी कधी बोट वाजायच्या आधी तो स्वतःच उठतो. २०१७ साली पिट्सबर्गमध्ये लिब्रेटस नावाच्या संगणक प्रणालीने चार कसलेल्या व्यावसायिकांना १ लाख २० हजार डावांत हरवलं. तिच्यापाशी गणित अफाट होतंच, पण हरलेल्या डावानंतर तिला जिना उतरावा लागत नव्हता हेही होतं. माणसाला लागतो, आणि तशी सोय करून ठेवण्यात कमीपणा नाही.

थकव्याचंही तसंच. वह्या चाळल्या तर तिसऱ्या तासात ओळी तोकड्या होत जातात. आधी 'राणीची जोडी, बरी खात्री, दुसऱ्या फेरीला थांबला' असं असतं, मग नुसतं 'जोडी', मग रेघ. म्हणून साडेदहाला बैठक उठते, चालू डाव संपवून. जिंकणारा 'अजून अर्धा तास' म्हणाला तरी उठते, हरणारा म्हणाला तर नक्कीच. अकाउंटंट एकदा गोव्याला जाऊन जहाजावरच्या टेबलाशेजारी उभा राहून बघून आला. तिथे पहाटे चारला खेळणाऱ्यांचे डोळे बघितल्यापासून साडेदहाच्या नियमावर तोच सर्वांत कडक झाला आहे.

पत्ते वाटायला बसलेल्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं. ही शिक्षा म्हणून ठेवली होती, पण ज्याने ती भोगली तो पुढच्या महिन्यात सुधारून येतो असं दिसायला लागलं. त्याच्याकडे पानं नाहीत, टोकन नाहीत, जिंकणं-हरणं नाही. तो पिसतो, काटायला देतो, वाटतो, मधली पानं उघडतो आणि पाच जणांचे चेहरे समोरून बघतो. कोणी कोणत्या जागेवरून काय खेळलं याचा सगळा ताळा त्याच्या डोक्यात राहतो. हे लक्षात आल्यावर मॅडमनी टोकन शिल्लक असतानाही एक शनिवार स्वतःहून वाटण्याचं काम मागून घेतलं. आता पाळीपाळीने प्रत्येक जण घेतो. त्या संध्याकाळी त्याची वही बाकीच्यांपेक्षा दुप्पट भरते.

सध्या टेबलावर एक वाद चालू आहे, तो इस्पिकच्या छक्कीपासून सुरू झालेला. डाव मोडल्यावर गड्डीवरचं पुढचं पान उलटून बघायचं की नाही? काकांचं म्हणणं, मुळीच नाही. जे घडलंच नाही ते बघून माणूस पुढच्या वेळी चुकीचा धडा घेतो, आणि पॅक करणाऱ्याचा हात उगाच कचरतो. मॅडम म्हणतात, बघावं, दर वेळी बघावं, पण आधी निर्णय वहीत उतरवून. नऊ पानांची आशा पाचात चार वेळा फसते हे कोणी पुस्तकातून मानत नाही. पन्नास वेळा डोळ्यांनी बघितलं की मानतो. भाऊ मॅडमच्या बाजूचे, एमआर काकांच्या. अकाउंटंट दोन्हीकडे मान डोलावतो. मला मॅडमचं पटतं, कारण पान उलटल्यावर भाऊ डगमगले नाहीत ते मी बघितलं आहे. पण एमआरचं पान असं उलटलं तर तो डगमगेल, ही काकांची भीतीही खोटी नाही. दिवाळीपर्यंत मॅडमच्या पद्धतीने उलटलेल्या प्रत्येक पानाची नोंद ठेवायची आणि नवी खतावणी उघडताना आकडे समोर घेऊन ठरवायचं, इतपत एकमत झालं आहे. त्यासाठी वहीत एक रकाना वाढवला आहे.